दुसरा फटका कुठल्या बाजूला?

माणसाची स्मृती हिरावून घेण्याचा आणि ती परत देण्याचा अधिकार या विश्वात फक्त दोघांना आहे : एक परमेश्वर, आणि दुसरा रेडिओवरच्या मालिकेचा लेखक.

मायेस्त्रो एलिओदोरो मानोतास यांनी हे वाक्य उजवा हात वर करून, खर्जात उच्चारलं. खोलीत ऐकायला टेबलफॅन तेवढा होता. त्याने डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सावकाश मान हलवली. म्हणजे नाही म्हणाला.

मायेस्त्रो हे संगीतातलं वगैरे कुणी प्रस्थ नव्हते. बार्रांकिया या किनाऱ्यावरच्या शहरात जो माणूस तीस वर्षं एकच काम करतो त्याला लोक मायेस्त्रो म्हणू लागतात. गवंड्यालाही म्हणतात आणि लेखकालाही. फरक एवढाच, की गवंड्याची भिंत पडली तर त्याला जाब विचारतात.

त्यांची ‘वादळातली रेनाता’ ही मालिका रोज संध्याकाळी पाच वाजता एका छोट्या रेडिओ केंद्रावरून थेट सादर व्हायची आणि नदीच्या दोन्ही काठांवर ऐकली जायची. अडतिसाव्या भागात चर्चच्या घंटेचा वासा रेनाताच्या डोक्यात पडला आणि ती नवरा, तान्हं बाळ आणि स्वतःचं नाव विसरली. शुद्ध उच्चार आणि लांबलचक स्वगतं मात्र विसरली नाही. तेव्हापासून शंभरावर भाग झाले होते आणि आता सगळा किनारा दुसऱ्या फटक्याची वाट पाहत होता. कारण पहिल्या फटक्याने गेलेलं दुसऱ्या फटक्याने परत येतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते त्याला कुणी शिकवलं, याचा शोध घेतला तर तो मायेस्त्रोंच्या टाइपरायटरपाशी येऊन थांबला असता; पण असले शोध कुणी घेत नाही.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी माराकाइबोला, सीमेपलीकडे; नाताळात तिचं कार्ड यायचं, त्यावर छापलेल्या मजकुराखाली तिची सही असायची. मायेस्त्रो संवाद लिहिताना मोठ्याने म्हणून बघत. रेनाताचे बारीक आवाजात, तिच्या नवऱ्याचे, गुस्तावोचे, जाड आवाजात, सासूचे नाकात. खालच्या मजल्यावरच्या पुरा नावाच्या घरमालकीणबाईंनी एकदा जिन्यात अडवून सुनावलं होतं :

“मायेस्त्रो, वरती बाई येते ते माझ्या लक्षात आलंय. या वयात शोभतं का?”

मायेस्त्रोंनी इन्कार केला नाही. उलट त्या दिवशी जिना चढताना त्यांचा पाय जरा हलका पडला. वर गेल्यावर त्यांनी सासूचा प्रवेश लिहायला घेतला आणि तो एकट्याने भांडून संपवला.

अशा माणसाला पत्र आलं तर तो ते दोनदा वाचणार, हे ओघानंच आलं. पहिलं पत्र आलं ते असं :

“लेखकमहाशय, मी इथल्या सरकारी इस्पितळात डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डची मुख्य परिचारिका आहे. बावीस वर्षं तेच करते. १) नऊ दिवस बेशुद्ध असलेली बाई डोळे उघडून ‘मी कुठे आहे?’ असं सुरेल विचारत नाही. तिचे ओठ फुटलेले असतात, घसा नळीने सोललेला असतो, आणि ती बहुधा शिवी देते. २) शुद्ध येणं म्हणजे दिवा लावणं नव्हे. माणूस येतो, जातो, परत येतो. ३) ओल्या कपाळावर चुंबन घेऊन मेंदूची सूज उतरत नाही. आपली, दिओसेलिना कुएतो.”

मायेस्त्रो संतापले. पत्राचा बोळा केला, मग तो उलगडला, तळहाताने सपाट केला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पत्र. तिसऱ्यातही. जांभळी शाई, आकडे घालून मुद्दे, आणि आडपडदा न ठेवता बोलणारी बाई. “तुमचा डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांत काही बघतच नाही, नर्सच्या मात्र बघतो.” “रेनाता एक शब्दही चुकत नाही. माझ्याकडचा मास्तर चमच्याला ‘ते सूपवालं’ म्हणतो.” “तिचं डोकं कधीच दुखत नाही का हो? उजेड सोसतो? आवाज सोसतो? मग ती आजारी कशानं आहे?” “मार मागच्या बाजूला बसला असं तुम्हीच सांगितलंत. चाळिसाव्या भागात पट्टी कपाळावर कशी गेली?”

मायेस्त्रोंनी निमूटपणे सुधारणा केल्या. रेनाताला उजेड सोसेना, डॉक्टर बॅटरी लावून बुबुळं बघू लागला. त्या आठवड्याचं पत्र एका ओळीचं होतं : “या वेळी चूक नाही.” पुढच्या आठवड्यात पत्रच नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बुधवारी टपाल येई. दोन बुधवार मायेस्त्रो केंद्राच्या पायरीवर उगाच उभे राहिले, आणि दुसऱ्या बुधवारी घरी परतताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या सोमवारी त्यांनी रेनाताच्या डोक्याला मोहरीचं गरम पोटीस बांधलं.

त्या बुधवारी चार पानी पत्र आलं.

मग त्यांना सूर सापडला. लोक प्रेमपत्रं यावीत म्हणून अत्तरं लावतात, गिटार शिकतात. मायेस्त्रो वैद्यकशास्त्राचा मुडदा पाडू लागले. चूकही अशी हवी की नर्सबाईंना राहवू नये, पण मॅनेजरला कळू नये. त्यासाठी त्यांनी जुन्या बाजारातून डोक्याच्या इजांवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि पेन्सिल घेऊन अभ्यासलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखादा विषय नीट शिकले, आणि तो नेमकेपणाने चुकवण्यासाठी. पत्रं नियमित येऊ लागली. ते ती जेवताना वाचत, म्हणजे टेबलापलीकडे कुणीतरी बसून रागावतंय असं वाटे. मायेस्त्रो अधूनमधून “बरोबर आहे तुमचं” असं म्हणत आणि नारळी भाताचा पुढचा घास घेत.

आता एकशे पन्नासावा भाग, येता शुक्रवार. त्यात दुसरा फटका. मॅनेजर नेमेसिओ दोनादो पंधरा दिवस रेडिओवरून दवंडी पिटत होता : “शुक्रवारी! पाच वाजता! सासूची इस्त्री! रेनाताला आठवेल का?” मायेस्त्रोंनी रेनाताच्या डोक्यात इस्त्री घालायचं ठरवलं होतं, कोळशाची, भरलेली. याच्यावर किमान सहा पानी पत्र यावं असा त्यांचा अंदाज होता.

बुधवारी टपालात जांभळी शाई होती, आणि तिच्याबरोबर वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं आणखी एक पत्र होतं.

“रेनाताच्या लेखकसाहेबांना. मी इस्मेनिया. आमचं गाव नदीच्या पलीकडे आहे. माझा नवरा कासियानो होडीच्या डोलकाठीवरून पडला, त्याला तीन आठवडे झाले. तो मला ओळखत नाही, बाई बाई म्हणतो. मी रोज तुमची रेनाता ऐकते, तेवढाच आधार. आता शुक्रवारी तिला दुसरा मार बसणार म्हणतात. आमच्याकडे इस्त्री नाही, मुसळ आहे. कासियानोला पहिला मार डावीकडे लागला होता. तर दुसरा त्याच बाजूला द्यायचा की समोरच्या, आणि किती जोरात, हे रेनाताच्या वेळी जरा स्पष्ट सांगावं. मी तेव्हाच लगेच करीन, म्हणजे विसरायला नको. देव तुमचं भलं करो.”

पत्ता नव्हता. नदीच्या पलीकडे गावं चाळीस.

मायेस्त्रो पायरीवरच बसले. मग उठून मॅनेजरच्या खोलीत गेले.

“नेमेसिओ, शुक्रवारचा फटका रद्द.”

“काय रद्द?” नेमेसिओ कॉफी ढवळत होता, तो थांबला. “अहो मायेस्त्रो, अख्खा किनारा रेडिओला कान लावून बसलाय. माझी आई उपास धरून बसलीये! आणि रद्द?”

मायेस्त्रोंनी पत्र पुढे केलं. नेमेसिओने ते वाचलं, मग खालून वर पुन्हा वाचलं.

“चेष्टा करतंय कुणीतरी.”

“पेन्सिलीने कुणी चेष्टा करत नाही.”

“मग असं करू,” नेमेसिओ म्हणाला, “फटका बसू दे, वर सूचना देऊ : घरी करून बघू नये.”

“तुझ्या आईने ऐकली असती सूचना?”

नेमेसिओने आईचा विचार केला. मग म्हणाला, “फटका नको तर नको. पण काहीतरी द्या, राव. तीस मिनिटं नुसता पंखा नाही ऐकवता येणार मला.”

काहीतरी द्यायचं म्हणजे खरं द्यायचं, आणि खरं नुसत्या पुस्तकात बघून चालणार नव्हतं. मायेस्त्रोंना हेही दिसत होतं, की खरं दिलं की बुधवार रिकामे. घरी जाऊन त्यांनी ठेवणीतला पांढरा सदरा काढला. तो बायकोच्या अंत्ययात्रेनंतर घातलाच नव्हता. कॉलर पिवळी पडली होती.

गुरुवारी दुपारी ते इस्पितळात गेले. मनात त्यांनी दिओसेलिना बाई उंच, करड्या केसांच्या आणि जरा दुःखी अशा रचल्या होत्या. प्रत्यक्षात त्या ठेंगण्या, रुंद आणि घाईत होत्या, आणि त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा होता की त्या यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. वॉर्डात शिरताना मात्र त्या तो मुठीत घट्ट धरायच्या.

“कुणाला बघायचंय?”

“मी एलिओदोरो मानोतास.”

“कुठल्या खाटेवरचा?”

“रेनाताचा.”

बाईंनी त्यांना पायापासून कॉलरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही! मला वाटलं होतं तुम्ही पंचविशीतले असाल. एवढं अज्ञान या वयात म्हणजे कमालच.”

मायेस्त्रोंनी इस्मेनियाचं पत्र दिलं. बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग त्यांना चादरींच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. स्वतः बसल्या नाहीत.

“अशा येतात माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “मागे एकीने मुलाच्या डोक्याला मोहरी बांधून आणली होती. कातडी सोलून निघाली. तुमच्या कृपेने.”

चादरींना साबणाचा वास येत होता. मायेस्त्रोंनी कुठल्यातरी प्रवेशातलं भारदस्त वाक्य शोधलं, सापडलं नाही.

“सिस्टर, ती मोहरी मी मुद्दाम बांधली होती.”

“म्हणजे?”

“तुम्ही पत्र लिहावं म्हणून. बरोबर लिहिलं की तुमचं पत्र येत नव्हतं.”

बाईंनी बोटांवर मोजायला घेतलं.

“लघवी रोखून चार दिवस बेशुद्ध राहिली, तेही?”

“तेही.”

“आणि बुबुळं निळ्याची काळी झाली ते?”

“ते नाही. ते मला खरंच वाटलं होतं.”

“मी ती पत्रं ड्यूटी संपल्यावर पाय सुजलेले असताना लिहीत होते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. “तुम्हाला करमावं म्हणून नाही. त्या पोराच्या कातडीसाठी. कळलं? आता कागद घ्या. मला तासाभरात औषधं द्यायचीत.”

मायेस्त्रो कागद आणायला विसरले होते. बाईंनी तापाच्या जुन्या तक्त्यांचा गठ्ठा दिला, आणि मायेस्त्रो त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले.

“लिहा. दुसऱ्या फटक्याने काही येत नाही. असलेलं जातं. आधीच सुजलेला मेंदू, त्यावर मुसळ, म्हणजे मयत. असंच लिहा, ‘मयत’. गोड शब्द घालू नका.”

“नाही घालत.”

“तो तिला ओळखत नाही, कारण तो अजून गोंधळात आहे. तीन आठवडे म्हणजे काही फार नाही. दिवसेंदिवस जास्त झोपायला लागला, उलट्या झाल्या, एक बुबुळ मोठं दिसलं, तर होडीत घालायचं आणि तडक इकडे आणायचं. तसं काही नसलं तरी एकदा आणून दाखवायचंच.”

“आणि आठवण? येते?”

“कुणाची येते, कुणाची अर्धी. पडल्याचा क्षण तर जवळजवळ कधीच येत नाही. चिडका होतो. वास येईनासा होतो कधी कधी. जेवण मातीसारखं लागतं, मग ताट भिरकावतो, आणि बायकोला वाटतं आपलाच स्वयंपाक बिघडला.” बाई प्रथमच स्टुलाच्या कडेला टेकल्या. “तिला सांगा, रोज सकाळी आपलं नाव सांगायचं. परीक्षा घ्यायची नाही. ‘ओळख बघू मी कोण’ असं विचारतात सगळ्या. नाही विचारायचं. तो दहा वेळा विचारेल, दहा वेळा सांगायचं, दहाव्यांदाही पहिल्यासारखं.”

मायेस्त्रोंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, “आणि तिला कंटाळा आला, एकटं वाटलं, तर?”

“वाटणारच. समोर नवरा आहे आणि घरात कुणी नाही. त्याच्यावर आमच्याकडे औषध नाही.”

तासाचे दोन तास झाले. बाईंनी मधेच बाहेर जाऊन औषधं दिली, येताना दोन पेले कॉफी आणली. एक वाक्य त्यांना पटलं नाही, ते मायेस्त्रोंनी पाच वेळा बदललं. “आत्ता कसा माणूस बोलल्यासारखा डॉक्टर बोलला,” त्या म्हणाल्या. मायेस्त्रोंच्या सहा वर्षांतली ती सर्वांत चांगली दुपार होती. ती संपली तेव्हा बाई किल्ल्या सावरून म्हणाल्या, “झालं. आता काही चुकत नाही. तेव्हा पत्रांचंही काही कारण उरलं नाही.”

“नाही उरलं,” मायेस्त्रो म्हणाले.

शुक्रवारी पाच वाजता इस्त्री आलीच नाही. सासू ती उगारणार एवढ्यात डॉक्टरने तिचा हात धरला आणि तो सरळ साध्या भाषेत चार मिनिटं बोलला. मुसळाचंही नाव घेतलं, इस्पितळाचा रस्ताही सांगितला. मग गुस्तावो रेनाताजवळ बसला. दिवा बारीक केला. म्हणाला, “मी गुस्तावो. तुझा नवरा.” रेनाता म्हणाली, “असं का.” थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, “आपण कोण?” आणि त्याने पुन्हा सांगितलं, पहिल्यासारखं. भाग तिथे संपला. नेमेसिओच्या आईने उपास सोडला, पण मुलाशी दोन दिवस बोलली नाही.

पुढच्या बुधवारी टपालात पेन्सिलीचं पत्र होतं. “मी मुसळ खाली ठेवलं,” इस्मेनियाने लिहिलं होतं. “सोमवारी होडीने त्याला इस्पितळात घेऊन गेले, त्यांनी ठेवून घेतलंय. तिथल्या जाड्या सिस्टरने मला रागावून मग जेवायला घातलं. तो अजून बाईच म्हणतो. काल मी नाव सांगितलं तर म्हणाला, चांगलं नाव आहे. लग्नाआधीही हेच म्हणाला होता.”

जांभळी शाई नव्हती. त्याच्या पुढच्या बुधवारी नव्हती. त्याच्याही पुढच्या नव्हती. मायेस्त्रो रेनाता बरोबर लिहीत होते : ती चिडत होती, शब्द शोधत होती, सासूच्या रश्श्याला चव नाही म्हणत होती. जेवायला बसले की ते भिंतीकडे बघत आणि भिंत काही रागावत नसे. एका सकाळी त्यांनी लिहिलं : ‘रेनाता (खिडकीशी) : अहाहा, पिकल्या पेरूचा काय घमघमाट सुटलाय!’

रेनाताला तर वास येईनासा झाला होता. चूक साधी, बिनधोक होती. पेरूच्या वासाने कुणाची कातडी सोलून निघत नाही. दोन पानी पत्र तरी नक्की आलं असतं.

त्यांनी ते वाक्य बारीक आवाजात म्हणून पाहिलं. छान वाजलं. मग इस्मेनिया आठवली. ती आजही पाच वाजता कासियानोच्या ताटाशी बसून ऐकणार होती आणि त्याला वास येतो की नाही ते रेनाताशी ताडून बघणार होती. मायेस्त्रोंनी पेरू खोडला. खाली लिहिलं : ‘रेनाता (खिडकीशी) : पेरू पिकले वाटतं. माश्या घोंगावताहेत.’

तो भाग सोमवारी गेला. बुधवारी ते केंद्रावर गेले तेही नेमेसिओला पुढची पानं द्यायला म्हणून. जिन्यातच नेमेसिओने हाक मारली, “मायेस्त्रो, तुमची जांभळी बाई आलीये!”

पाकीट पातळ होतं. मायेस्त्रोंनी ते तिथे फोडलं नाही. घरी आले, हात धुतले, पंखा बंद केला म्हणजे कागद उडायला नको, चष्मा पुसला आणि टेबलाशी ताठ बसून वाचायला घेतलं.

“लेखकमहाशय, १) माश्यांचं बरोबर आहे. २) वैद्यकीय चूक एकही नाही. ३) इस्मेनिया बाईंच्या हट्टामुळे वॉर्डात आता पाच वाजता तुमची मालिका लावावी लागते. माझ्याकडे डोक्याला मार लागलेले चौदा जण आहेत. तुमची सासू दर खेपेला दार धाडकन आपटून जाते. तिला जरा हळू लावायला सांगावं.”